लॅपटॉप काही वाय-फायला जोडला जातो, काहींना नाही : नेमके कोठे अडते?

हिशेबनीस

नमस्कार. मी करसल्लागार असून आठवड्यातील बहुतेक दिवस मला लॅपटॉप घेऊन अशिलांच्या कार्यालयांत बसावे लागते. लॅपटॉप २०१६ च्या सुमाराच्या बनावटीचा आहे. तो मी नूतनीकरण केलेल्या मालाच्या एका दुकानातून घेतला असून त्यावर विंडोज १० आहे. मुरारजी पेठेतील माझ्या घरी जुना राउटर आहे, त्याला हा लॅपटॉप क्षणात जोडला जातो आणि माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटलाही विनातक्रार जोडला जातो. अडचण तीन ठिकाणी येते, आणि तिन्ही ठिकाणी त्याच वेळी माझा मोबाइल मात्र व्यवस्थित चालतो.

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत माझे एक अशील टॉवेल बनवतात. त्यांच्या कार्यालयातील वाय-फायचे नाव लॅपटॉपच्या यादीत दिसतच नाही, जरी राउटर माझ्या खुर्चीपासून दहा फुटांवर भिंतीला लावलेला आहे. जुळे सोलापुरात माझ्या दिरांकडे नवे फायबर कनेक्शन घेतले आहे. तेथे नाव दिसते, पासवर्डही बरोबर आहे, पण ‘या नेटवर्कशी जोडता येत नाही’ एवढेच उत्तर मिळते. तिसरे ठिकाण एक शिक्षणसंस्था आहे, जेथे पासवर्डबरोबर वापरकर्त्याचे नावही द्यावे लागते. तेथील प्रकार सर्वांत चमत्कारिक आहे, कारण कधी जोडणी होते आणि कधी होत नाही.

दर महिन्याच्या २० तारखेला जीएसटीच्या तीन-बी विवरणपत्रांची मुदत असते आणि त्या दिवसांत मोबाइलच्या डेटावर सगळे काम रेटणे परवडत नाही. लॅपटॉप बदलावा, त्यातील वाय-फाय कार्ड बदलावे की आणखी काही करावे, हे जाणकारांनी सांगावे.

शेंगाचटणी

ताई, आधी नेटवर्क रिसेट मारावे आणि त्याने झाले नाही तर सरळ फॉरमॅट करावे. माझ्या लॅपटॉपचे निम्मे आजार याच औषधाने गेले आहेत.

रेडिओलहरी

शेंगाचटणी यांच्या सल्ल्याला माझा विरोध आहे. नेटवर्क रिसेट केल्याने साठवलेली सर्व वाय-फाय नावे, पासवर्ड आणि व्हीपीएनची मांडणी पुसली जाते, आणि ज्यांचे काम पाच-सहा कार्यालयांत फिरून चालते त्यांना ते सगळे पुन्हा भरत बसावे लागते. शिवाय लॅपटॉप चार ठिकाणी चालत नसता तर मी रिसेटचा विचार केला असता. येथे तो घरी आणि हॉटस्पॉटवर उत्तम चालतो, म्हणजे कार्ड जिवंत आहे, अँटेना जोडलेली आहे आणि विंडोजची मूळ यंत्रणाही शाबूत आहे.

वाय-फायची जोडणी एका दमात होत नाही. प्रथम लॅपटॉप आसपासचे राउटर जी ओळख प्रसारित करत असतात ती ऐकतो व यादी करतो. मग सुरक्षेचा प्रकार जुळतो का ते पाहून पासवर्डची पडताळणी होते. त्यानंतर राउटरकडून आयपी पत्ता मिळतो आणि शेवटी त्या पत्त्यावरून इंटरनेट चालते. आपल्या वर्णनानुसार टॉवेलच्या कारखान्यात पहिलीच पायरी चुकते आहे, तर दिरांकडे दुसरी. त्यामुळे दोन्हीकडे एकच उपाय लागू पडेल असे गृहीत धरू नये, आणि तिसऱ्या ठिकाणाबद्दल तर इतक्यात काहीच म्हणता येणार नाही.

आपण कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडावा आणि ‘नेटएसएच डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यावी. ‘नेटएसएच’ हा जोडून लिहायचा एकच शब्द आहे, पुढच्या शब्दांमध्ये जागा सोडावी. उत्तरात ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची तारीख, कार्डाला कळणारे रेडिओप्रकार (वाय-फायच्या पिढ्या), व्यवस्थापन चौकटींच्या (राउटर व लॅपटॉप यांच्यातील जोडणीच्या निरोपांच्या) संरक्षणाचा उल्लेख आणि सुरक्षाप्रकारांची यादी येईल. तेवढे येथे द्यावे. शक्य असल्यास त्याच आज्ञेत शेवटचा शब्द बदलून ‘डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ असा लिहावा, म्हणजे गेल्या तीन दिवसांतील प्रत्येक जोडणीचा वृत्तांत एका पानावर तयार होतो आणि अपयशाचे कारणही बहुधा त्यात लिहिलेले असते.

केबलजोड

मी सोलापुरात राउटर बसवण्याचेच काम करतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो. कारखान्यात राउटरचे नाव दिसत नाही तेव्हा तो कोणत्या चॅनलवर आहे हे प्रथम पाहावे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ चॅनल चालतात, पण अमेरिकेत फक्त १ ते ११. परदेशातील कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले लॅपटॉप नूतनीकरणाच्या बाजारात बरेच येतात आणि त्यांतील काही कार्डांची घडण तिकडच्या नियमांची असते. अशा कार्डाला १२ किंवा १३ या चॅनलवरचा राउटर अस्तित्वातच नसल्यासारखा असतो. राउटर ‘ऑटो’वर ठेवलेला असेल तर तो स्वतःहून १३ वर जाऊन बसू शकतो, आणि मग काल दिसणारे नाव आज दिसत नाही.

मोबाइलवर वाय-फाय अ‍ॅनालायझर प्रकारचे कोणतेही अ‍ॅप घेऊन त्या नावापुढचा चॅनल क्रमांक पाहता येतो.

दिरांच्या घराबाबत माझा संशय वेगळा आहे, पण आधी ड्रायव्हरची माहिती येऊ द्यावी.

हिशेबनीस

दोघांचेही आभार. माहिती अशी आहे : ड्रायव्हरची तारीख २०१६ ची आहे. रेडिओप्रकारांत ८०२.११ च्या बी, जी, एन, ए आणि एसी यांचा उल्लेख आहे. सुरक्षाप्रकारांच्या यादीत ओपन, डब्ल्यूपीए आणि डब्ल्यूपीए२ यांचे पर्सनल आणि एंटरप्राइज हे प्रकार आहेत, डब्ल्यूपीए३ कोठेही नाही. व्यवस्थापन चौकटींच्या संरक्षणापुढे ‘नाही’ असे लिहिले आहे. विंडोजमधून ड्रायव्हर अद्ययावत करण्याचा प्रयत्न केला असता ‘सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे’ असे उत्तर मिळते.

कारखान्यातील राउटर मोबाइलच्या अ‍ॅपनुसार २.४ गिगाहर्ट्झवर ६ क्रमांकाच्या चॅनलवर आणि ५ गिगाहर्ट्झवर ४४ क्रमांकाच्या चॅनलवर आहे. त्यामुळे १३ क्रमांकाची शंका येथे लागू होत नसावी. अ‍ॅपमध्ये त्या नावापुढे ‘वाय-फाय ६’ असे लहान अक्षरांत दिसते.

आणखी एक शंका. दिरांनी नेटवर्कचे नाव मराठीत ठेवले आहे. विंडोजच्या यादीत ते नीट दिसते, पण कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत त्याजागी विचित्र चिन्हे येतात. हेच तर कारण नसेल?

रेडिओलहरी

मराठी नावाबद्दल आधी सांगतो, कारण ती शंका रास्त आहे. नेटवर्कच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या संगणकीय अक्षरपद्धतीत ३ बाइट घेते. काना, मात्रा, वेलांटीही स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. ‘सोलापूर’ हा शब्द दिसायला चार अक्षरांचा असला तरी तो ७ चिन्हांचा, म्हणजे २१ बाइटचा होतो, आणि एकूण दहाच चिन्हे बसतात. काळ्या खिडकीतील विचित्र चिन्हे ही त्या खिडकीच्या लिपीची मर्यादा आहे, जोडणीची नव्हे. यादीत नाव नीट दिसत असेल तर ते कारण सोडून द्यावे. पासवर्ड मात्र मराठीत ठेवता येत नाही. तो ८ ते ६३ इंग्रजी अक्षरे, अंक किंवा चिन्हांचाच असावा लागतो.

आता मुख्य मुद्दा. आपण दिलेल्या चार ओळींत पहिल्या दोन ठिकाणांचे उत्तर आहे, असे मला वाटते.

कारखान्यातील राउटर वाय-फाय ६ चा, म्हणजे ८०२.११एएक्स या पिढीचा आहे. नवा राउटर जुन्या उपकरणांनाही सामावून घेतो, म्हणून तत्त्वतः आपले एसी पिढीचे कार्ड त्याला जोडले जायला हवे. पण राउटर आपली ओळख प्रसारित करतो तेव्हा तीत नव्या पिढीची काही अधिक माहिती जोडलेली असते, आणि काही जुने ड्रायव्हर ती न समजल्याने संपूर्ण ओळखच टाकून देतात. म्हणून राउटर दहा फुटांवर असूनही नाव दिसत नाही. हे काही माझे अनुमान नव्हे. इंटेलने आपल्या जुन्या कार्डांसंबंधी नेमकी हीच बाब मदतपानावर लिहिली असून ड्रायव्हर नवा करण्याची सूचना दिली आहे. आपले कार्ड कोणत्याही कंपनीचे असो, लक्षण तेच आहे.

खात्री करून घ्यायची असेल तर अशिलांच्या परवानगीने राउटरमधील २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यापुरता एएक्स प्रकार काही मिनिटे बंद करून पाहावा. नाव लगेच दिसू लागले तर निदान पक्के. मात्र ती सेटिंग तशीच ठेवून येऊ नये, त्यांच्या बाकीच्या उपकरणांचा वेग आपल्या एका लॅपटॉपसाठी कमी करणे योग्य नाही.

केबलजोड

दिरांच्या घराबद्दल माझा संशय खरा ठरला असे दिसते. डब्ल्यूपीए३ हा सुरक्षाप्रकार २०१८ मध्ये आला आणि जुलै २०२० पासून वाय-फायचे प्रमाणपत्र घेणाऱ्या नव्या उपकरणांना तो बंधनकारक झाला. त्यामुळे अलीकडे बसवलेल्या राउटरांत तो बहुधा असतोच. प्रश्न एवढाच की राउटर ‘फक्त डब्ल्यूपीए३’वर आहे की ‘डब्ल्यूपीए२ व डब्ल्यूपीए३ एकत्र’ या प्रकारावर. मी बसवताना एकत्र प्रकारच ठेवतो, कारण घरात एखादा जुना टीव्ही किंवा प्रिंटर निघतोच आणि मग रात्री फोन येतात. परंतु काही ग्राहक नंतर मोबाइल अ‍ॅपमधून ‘सर्वांत सुरक्षित’ असा पर्याय निवडतात आणि जुनी उपकरणे एकाएकी बाहेर फेकली जातात.

डब्ल्यूपीए३ मध्ये व्यवस्थापन चौकटींचे संरक्षण ऐच्छिक नसते, सक्तीचे असते. राउटर आणि लॅपटॉप यांच्यात ‘जोडतो’, ‘सोडतो’ असे जे निरोप जातात ते कोणी तिसऱ्याने बनावट पाठवू नयेत यासाठी ते असते. आपल्या ड्रायव्हरने त्यापुढे ‘नाही’ म्हटले आहे. म्हणजे पासवर्ड कितीही बरोबर असला तरी बोलणे तेथपर्यंत पोचतच नाही, आणि विंडोजचा निरोप इतका मोघम आहे की माणूस पासवर्डच पुन्हा पुन्हा तपासत बसतो.

तूर्त दिरांना राउटर एकत्र प्रकारावर आणायला सांगावे. त्यानंतर लॅपटॉपमध्ये ते नेटवर्क ‘फर्गेट’ करून नव्याने जोडावे, नाहीतर आधी साठवलेली मांडणी आडवी येते.

भुईकोट

विंडोज १० ला डब्ल्यूपीए३ कळू लागले ते २०१९ च्या १९०३ या आवृत्तीपासून, हेही तपासून घ्यावे. आवृत्ती त्यापूर्वीची असेल तर नवा ड्रायव्हर बसवूनही उपयोग होणार नाही. विंडोज ७ वर तर ते नाहीच.

‘सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे’ या वाक्यावर विसंबू नये. त्याचा अर्थ विंडोजला आपल्या साठ्यात याहून योग्य काही सापडले नाही एवढाच असतो. प्रथम लॅपटॉपच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक देऊन पाहावे. तेथेही जुनाच ड्रायव्हर असेल, आणि या वयाच्या लॅपटॉपबाबत ती शक्यता बरीच आहे, तर वाय-फाय कार्ड ज्या कंपनीचे आहे तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. कार्डाचे पूर्ण नाव डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अ‍ॅडॅप्टरखाली मिळते. ‘तुमचे सर्व ड्रायव्हर एका टिचकीत’ असे सांगणाऱ्या संकेतस्थळांकडे फिरकू नये. तुमच्या लॅपटॉपवर अशिलांचे हिशेब आहेत.

शेंगाचटणी

एवढ्या खटाटोपापेक्षा यूएसबीचे छोटे वाय-फाय डोंगल घेतले तर? फॉरमॅटचा सल्ला मी मागे घेत नाही, बाजूला ठेवतो.

केबलजोड

डोंगल हा वाईट उपाय नाही, कारण लॅपटॉपच्या जुन्या कार्डाला तो पूर्ण वगळतो. परंतु स्वस्तातील अनेक डोंगल फक्त २.४ गिगाहर्ट्झचे असतात आणि त्यांच्यासोबत येणारा ड्रायव्हरही जुनाच असतो. घ्यायचेच असेल तर दोन्ही पट्टे आणि डब्ल्यूपीए३ यांचा उल्लेख पाहून घ्यावे. लॅपटॉपच्या आतील कार्ड बदलण्याचा मार्गही आहे, पण काही निर्मात्यांचे बायॉस (यंत्र सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) त्यांच्या मान्य यादीबाहेरचे कार्ड स्वीकारत नाही आणि यंत्र सुरूच होत नाही. नवा ड्रायव्हर फुकट आहे, म्हणून क्रम तोच ठेवावा.

पुणेनाका

धाग्याच्या विषयाला धरूनच विचारतो. मी केगावच्या बाजूला राहतो. माझ्या घरी राउटरचे ५ गिगाहर्ट्झचे नाव अधूनमधून सर्वच उपकरणांवरून नाहीसे होते आणि काही वेळाने परत येते. २.४ चे नाव मात्र कायम असते. हाही ड्रायव्हरचा दोष असू शकतो का?

रेडिओलहरी

सर्व उपकरणांवरून एकदम नाव जात असेल तर दोष त्या उपकरणांत नाही. राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झचा चॅनल कोणता आहे ते पाहावे. ५२ ते १४४ हे चॅनल रडारच्या वापरातील पट्ट्याशी सामायिक आहेत. त्यांवर बसताना राउटरला आधी ६० सेकंद नुसते ऐकावे लागते, आणि मध्येच रडारसारखा संकेत कानी पडला तर दहा सेकंदांच्या आत तो चॅनल सोडावा लागतो व पुढची ३० मिनिटे तेथे परतता येत नाही. मग राउटर दुसरा चॅनल शोधतो, आणि तोही याच टापूतला निघाला तर पुन्हा मिनिटभर ऐकत बसतो. नाव नाहीसे होते ते त्या काळात.

सोलापूरच्या संदर्भात ही गोष्ट केवळ पुस्तकी नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत मेघबीजनाचे (कृत्रिम पावसाचे) प्रयोग सोलापूर परिसरात केले आणि त्यासाठी येथे सी-बँड रडार वापरले. सी-बँडची हवामान रडारे साधारण ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतात आणि वाय-फायचे १२० ते १२८ हे चॅनल नेमके तेथेच येतात. तुमच्या घरातील घटनेमागे हवामानाचे रडारच आहे असा माझा दावा नाही. राउटर शेजारच्या एखाद्या गोंगाटालाही रडार समजतात. उपाय दोन्ही बाबतींत एकच आहे : चॅनल ऑटोवर न ठेवता ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांपैकी एक कायम करावा.

याच कारणाने काही जुन्या लॅपटॉपना ५२ ते १४४ या चॅनलवरचे नेटवर्क दिसत नाही, कारण त्यांच्या कार्डात ते चॅनल बंद ठेवलेले असतात. हिशेबनीस यांच्या अशिलांचा राउटर ४४ वर असल्याने मी ती शक्यता आधीच सोडली.

हिशेबनीस

लॅपटॉपच्या निर्मात्याकडे २०१७ नंतरचा ड्रायव्हर नव्हता. कार्डाच्या कंपनीकडे बराच नवा मिळाला. तो बसवून लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर त्याच आज्ञेच्या उत्तरात डब्ल्यूपीए३-पर्सनल ही ओळ आली आहे आणि संरक्षणापुढे आता ‘होय’ दिसते. विंडोजची आवृत्ती २२एच२, म्हणजे १९०३ नंतरची आहे.

कारखान्यात नाव दिसू लागले. राउटरमध्ये काहीही बदलावे लागले नाही. दिरांनी तात्पुरता एकत्र प्रकार ठेवला होता, तो त्यांनी पुन्हा ‘फक्त डब्ल्यूपीए३’वर नेला आणि तरीही जोडणी झाली.

शिक्षणसंस्थेचे कोडे मात्र तसेच आहे. सोमवारी सकाळी गेले तर वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड देऊनही जोडणी नाकारली जाते. मग मी मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून काम करते, आणि दुपारी सहज पाहिले तर संस्थेचे वाय-फाय जोडले जाते. तेथील संगणक विभागाचे म्हणणे असे की माझे खाते चालू आहे आणि त्यांच्या सर्व्हरवर काही अडचण नाही. वृत्तांताचे पान काढले, तर सकाळच्या नाकारलेल्या जोडण्यांची त्यात नोंदच नाही. दुपारच्या यशस्वी जोडणीची आहे.

भुईकोट

संस्थांच्या नेटवर्कसाठी एक जुनी युक्ती आहे. त्या नेटवर्कच्या गुणधर्मांत ‘सर्व्हरची ओळख प्रमाणपत्राने पडताळा’ अशा अर्थाची खूण असते. ती काढली की बहुतेक वेळा जोडणी होते.

रेडिओलहरी

भुईकोट यांचे बाकीचे सर्व प्रतिसाद मला पटले, हा नाही. ती खूण काढली की लॅपटॉप त्याच नावाने उभ्या केलेल्या कोणत्याही राउटरकडे आपली ओळख सिद्ध करायला जातो. संस्थेच्या फाटकाबाहेर कोणी तसेच नाव लावून बसला तर पासवर्ड शोधून काढण्यास पुरेसा ऐवज त्याच्या हाती लागतो. करसल्लागाराच्या लॅपटॉपवर असे करू नये. पण पडताळणीकडे बोट दाखवून त्यांनी दिशा बरोबर दिली आहे.

नोंदीच नाहीत, हा मला सर्वांत महत्त्वाचा धागा वाटतो. जोडणी नाकारली गेली तर नोंद व्हायलाच हवी. ती गेल्या तीन दिवसांच्या वृत्तांतात नसेल, तर ती वेगळ्या तारखेखाली झालेली असणार. ताई, लॅपटॉपची बॅटरी रविवारी पूर्ण उतरलेली असते का? आणि सोमवारी सकाळी हॉटस्पॉट लावण्यापूर्वी पडद्याच्या कोपऱ्यात कोणती तारीख असते?

हिशेबनीस

बॅटरी जुनी आहे आणि दोन दिवस चार्जर न लावल्यास पूर्ण उतरते, हे खरे आहे. आज मुद्दाम तसे होऊ दिले आणि चार्जर लावून कोठेही न जोडता सुरू केला, तर तारीख १ जानेवारी २०१६ दाखवतो आहे. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत वाय-फायच्या नोंदी उघडल्या, तेव्हा संस्थेच्या नाकारलेल्या सर्व जोडण्या जानेवारी २०१६ च्या नावाने सापडल्या.

रेडिओलहरी

मग प्रश्न सुटला. घरच्या वाय-फायला किंवा हॉटस्पॉटला फक्त सामायिक पासवर्ड लागतो आणि त्या पडताळणीत तारखेचा काहीही संबंध येत नाही. संस्थेच्या नेटवर्कमध्ये सर्व्हर आधी स्वतःचे प्रमाणपत्र दाखवतो. त्या प्रमाणपत्रावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असे लिहिलेले असते. लॅपटॉपच्या मते वर्ष २०१६ असेल तर ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नसते, म्हणून लॅपटॉप स्वतःच पुढे जाण्यास नकार देतो. संगणक विभागाला त्यांच्या बाजूने काही दिसले नाही याचे कारण हेच, आपले नाव आणि पासवर्ड त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते. हॉटस्पॉटवर इंटरनेट मिळाले की विंडोज बहुधा घड्याळ सुधारते आणि दुपारी सारे सुरळीत होते.

मदरबोर्डवरील घड्याळाचा सेल संपलेला आहे. मुख्य बॅटरीत थोडीफार शक्ती असेपर्यंत ते लक्षात येत नाही.

केबलजोड

तो सेल बहुतेक लॅपटॉपमध्ये ३ व्होल्टचा सीआर२०३२ असतो, पण पुष्कळदा तो नुसता बसवलेला नसून दोन तारा आणि छोट्या कनेक्टरसह वेष्टनात असतो. म्हणून दुकानातून सुटा सेल आणण्यापूर्वी खालचे झाकण उघडून पाहावे किंवा दुरुस्तीवाल्यालाच सांगावे. सेल बदलताना चार्जर काढलेला असावा आणि मुख्य बॅटरीचा कनेक्टरही सोडवलेला असावा. नंतर बायॉसमध्ये जाऊन तारीख व वेळ एकदा हाताने भरावी लागते.

रात्रगाडी

माझा प्रश्न याच जातीचा आहे म्हणून येथेच लिहितो. रेल्वे स्थानकावरील मोफत वाय-फायला माझा लॅपटॉप जोडला जातो, ‘जोडले आहे’ असेही दिसते, पण मोबाइल क्रमांक आणि ओटीपी भरायचे पान उघडत नाही. मोबाइलवर तेच पान लगेच येते.

भुईकोट

तुम्ही लॅपटॉपमध्ये डीएनएसचा (संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता हाताने भरून ठेवला असेल, उदाहरणार्थ चार आठांचा, तर तो तात्पुरता काढून ‘आपोआप’वर ठेवावा. ओटीपीचे पान दाखवण्यासाठी स्थानकाची यंत्रणा तुमची पहिली मागणी अडवून स्वतःच्या पानाकडे वळवते, आणि डीएनएस बाहेरचा किंवा कूटबद्ध असेल, किंवा व्हीपीएन चालू असेल, तर ते वळवणे साधत नाही. एचटीटीपीएसची पानेही अशी वळवता येत नाहीत. ब्राउझरमध्ये साध्या एचटीटीपीचे एखादे पान, जसे नेव्हरएसएसएल डॉट कॉम, उघडून पाहावे, म्हणजे ओटीपीचे पान समोर येते. त्या खुल्या नेटवर्कवर बँकेचे काम शक्यतो करू नये, पण तो वेगळा विषय आहे.

हिशेबनीस

सेल बदलून घेतला. माझ्या लॅपटॉपमध्ये तो तारांच्या कनेक्टरसह होता, केबलजोड यांची सूचना उपयोगी पडली. बॅटरी पूर्ण उतरू दिली तरी तारीख टिकते आणि संस्थेत सोमवारी सकाळीच जोडणी झाली. प्रमाणपत्राच्या पडताळणीची खूण जशीच्या तशी ठेवली आहे.

दोन शंका उरल्या आहेत. विंडोजने पुढे कधी हा नवा ड्रायव्हर काढून जुना बसवला तर काय करावे? आणि कारखान्यात कार्यालयात उत्तम चालणारे वाय-फाय पाठीमागील यंत्रमागांच्या शेडमध्ये नेले की तुटते, तेथेही ड्रायव्हरच पाहावा का?

केबलजोड

शेडमधील अडचण ड्रायव्हरची नाही. पत्र्याचे छत, लोखंडी माग आणि मध्ये दीड फुटाची भिंत यांतून ५ गिगाहर्ट्झ फारसे पोचत नाही. अशिलांना शेडपर्यंत केबल ओढून तेथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट लावायला सांगावे. रिपीटर घेऊ नये, त्याला मिळणारा संकेतच कमजोर असेल तर तो पुढे काय देणार.

रेडिओलहरी

नव्या ड्रायव्हरची उतरवून घेतलेली फाइल एका पेनड्राइव्हवर ठेवावी, कारण वाय-फाय बंद पडल्यावर ती इंटरनेटवरून आणता येत नाही. विंडोजने अद्यतनात ड्रायव्हर बदलला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या गुणधर्मांत ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण असते, त्याने आधीचा परत येतो. ते बटण फिके दिसत असेल तर पेनड्राइव्हवरची फाइल पुन्हा चालवावी. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. वाढीव सुरक्षा अद्यतनांसाठी आपण नोंदणी केली नसेल तर ती करून घ्यावी, घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात.

शेंगाचटणी

म्हणजे फॉरमॅट केला असता तर ड्रायव्हर पुन्हा २०१६ चाच बसला असता आणि सेलही मेलेलाच राहिला असता. असो. माझ्याही लॅपटॉपची तारीख सुरू करताना मागे गेलेली असते. त्याचा सेल बदलून मग येथे कळवतो.